आठ डावीकडे, आठ उजवीकडे

ती होडी आठवली की आजही माझं डोकं तापतं, आणि सर्वांत जास्त स्वतःवर.

रेवदंड्याजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावकरी डागडुजीसाठी एक होडी वाळूवर ओढून घेत होते. पुढच्या टोकाला दोन दोर, प्रत्येकावर आठ माणसं. मध्येच होडी गर्रकन फिरली आणि मागे डाव्या अंगाला उभ्या असलेल्या मालकाच्या धाकट्या भावाचा पाय चिरडला. मालक, म्हणजे थोरला, डाव्या दोरावर होता. होडीच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं बंद होतं.

तासाभरात निनावी फोन आला. "सायेब, थोरल्यानं मुद्दाम जोर मारलाय."

मी खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावायच्या तयारीत बसलो. थोरल्याला दोन दिवस सकाळी बोलावून संध्याकाळी सोडत होतो आणि रुग्णालयात जायची मनाई केली होती.

"मी काय न्हाय केला. पाय वाचला का त्याचा, येवढं तरी सांगा."

"आधी कबूल कर!"

बाकी पंधरा जण साक्षीला आले. एरवी कुत्री भांडली तरी मोबाईल काढतात, त्या दिवशी एकानेही काढला नव्हता. प्रत्येकाचं एकच पालुपद: "आठ हिकडं, आठ तिकडं, सायेब. सगले सारखेच वढीत व्हतो." ऐकून कान किटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन हवालदार मुद्देमालाचं कपाट सरकवत होते. एकाने कडेला हात लावला, दुसऱ्याने मधोमध. कपाट फिरलं आणि त्याचा कोपरा माझ्या गुडघ्यावर आदळला.

"सर, दोघांनी सारखाच जोर लावला!"

"अरे गाढवांनो, जोर लावलात, पण हात कुठे लावलेत?"

बोललो आणि होडी आठवली. पंचनामा काढला. त्यात लिहिलं होतं: दोर बांधायची उजवी कडी तुटलेली, त्या बाजूचा दोर मधोमध बांधलेला. खाली सही माझीच. डावा दोर कडेला होता, म्हणून तो होडीला फिरवणार. मधला दोर तिला नुसता पुढे ओढणार. डाव्या दोराला आवरायला उजव्या कडेला काहीच नव्हतं. किनाऱ्यावर जाऊन तसेच दोर बांधले, जवळपास कोणाला उभं राहू दिलं नाही. आठ-आठ जणांनी ओढलं आणि होडी तशीच फिरली.

थोरल्याला घेऊन अलिबागच्या रुग्णालयात गेलो. धाकट्याला विचारलं, "उजवा दोर मधे कोणी बांधला?"

"मीच. कडी तुटलेली व्हती. मानसं तं सारखीच व्हती ना?"

"मग जबाबात सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या मानसानं किती जण व्हते, येवढंच इचारलं. दोर कुठं बांधला, कोनी इचारलाच न्हाय."

त्यानंतर कुठल्याही पंचनाम्यावर वाचल्याशिवाय सही केली नाही, आणि 'किती'च्या आधी 'कुठे' विचारायला शिकलो. पण ते शिकायला फार उशीर झाला होता. थोरला माझ्यामागे दारातच थांबला होता. धाकट्याच्या एका गुडघ्याखाली चादर सपाट होती. दोन दिवस तो मला जे विचारत होता, त्याचं उत्तर त्याला तिथे मिळालं.