दाजींच्या गाडीतला पिवळा दिवा

दुपारची भाकरी अंगावर आलेली, गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि अभिनंदन चौगुले दाजींच्या गाडीत शेजारच्या सीटवर पाय पसरून पडलाय. मांडीवर लॅपटॉप, त्याची वायर गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेली. चार वाजता अक्का गाडी न्यायला येणार. तोवर एकच काम उरलंय, आणि नेमकं तेच त्याच्या हातून होत नाही. डोळे मात्र मिटतात.

"काय पावणं, झोपला व्हय?"

स्टेअरिंगवर भरतेश दाजी बसलेत. पांढरा शर्ट, तोंडात बडीशेप. जाऊन आठ महिने झाले त्या माणसाला, पण रुबाब तोच. अभिनंदनला नवल वाटत नाही, नुसतं रडू येतं.

"दाजी, काच खाली करा."

"असू दे की. एसी गार लागतोय."

काचेबाहेर गॅरेज नाही, दाजींची मालाची शेड आहे. दार बंद आहे. मे महिन्यात याच शेडमध्ये गाडीचा एसी लावून दाजी घटकाभर पडले, ते उठलेच नाहीत. इंजिनाचा विषारी धूर गाडीत भरला होता. लोक हळहळले, बंद शेडात कोण झोपतं होय असं! गाडीतल्या पिवळ्या दिव्याबद्दल कुणी विचारलंच नाही.

दिव्याचं एकट्या अभिनंदनला ठाऊक. दाजींना गाडीचा आवाज मोठा हवा होता, म्हणून त्यानं जाड पाइप बसवला. पाइपातला ऑक्सिजन सेन्सर म्हणजे इंजिनाचं नाक. धूर हुंगून तो कॉम्प्युटरला सांगतो, पेट्रोल जास्त होतंय की कमी. नव्या पाइपाचा जोड नीट बसला नव्हता. सेन्सर गडबडला, नको इतकं पेट्रोल जाऊन अर्धवट जळायला लागलं, धुरातलं विष वाढलं, बिघाडाचा पिवळा दिवा पेटला. दाजी वैतागले, "तेवढा दिवा घालव बाबा!" आणि या शहाण्यानं जोड बघायचा सोडून लॅपटॉपवर दिवाच बंद केला. जोड रविवारी बघू म्हणाला. तो रविवार दाजींना मिळालाच नाही.

"दाजी, दिवा मी बंद केलता."

"मीच सांगितलं हुतं की."

"तुम्हाला त्यातलं काय कळत हुतं? मला कळत हुतं!"

दाजी बडीशेप चावत राहतात. आता गाडी अक्काच्या स्वयंपाकघरात उभी आहे. अक्का पाठमोरी भाकरी थापतेय, अन् धूर जमिनीवरून तिच्या पायांशी जातोय. अभिनंदन हाक मारतो, आवाज फुटत नाही. लॅपटॉपच्या कळा दाबतो तर त्या कणकेसारख्या आत जातात. दार उघडायला जातो, तर दाराला कडीच नाही.

"अक्काला सांगितलंस?" दाजी विचारतात.

"न्हाई."

"का रं?"

"ती पुन्हा माझं तोंड बघायची न्हाई, दाजी. मला दुसरं कोण हाय?"

दाजी त्याच्याकडे बघतात. राग नाही त्या नजरेत, रागावले असते तर बरं झालं असतं.

"पाइप बदललास, सेन्सर नवा घातलास. दिवा का न्हाई लावला मग?"

दिवा कधी पेटला तर अक्का विचारेल, ही भीती. दुसरं काय!

"माझं आता काय व्हायचं राहिलंय? ती पोरीला घिऊन फिरणार हाय ह्यात," दाजी म्हणतात. "लाव तो दिवा."

टक टक. काचेवर अक्काची बोटं.

अभिनंदन दचकून उठतो. स्टेअरिंगवर कुणी नाही. लॅपटॉपची बॅटरी संपून तो केव्हाच बंद पडलाय. म्हणजे दिवा बंदचा बंदच राहिला.

"अभ्या, झोपतोस काय रे गाडीत? मला धस्स झालं की!" अक्का स्टेअरिंगवर येऊन बसते. दाजी गेल्यावर हट्टानं गाडी शिकली ती. किल्ली फिरवते. इंजिन शांतपणे सुरू होतं.

आणि समोर पिवळा दिवा पेटतो.

अभिनंदन बघतच राहतो. पेटूच शकत नाही तो. त्यानं स्वतः बंद केलेला.

"हा कसला रे दिवा?"

"गाडीत कायतरी बिघाड हाय म्हणून सांगतो तो."

अक्का दिव्यावर बोट ठेवते. "मग त्या दिवशी का न्हाई लागला?"

थाप मारायला सतरा थापा आहेत त्याच्याकडे. रोज गिऱ्हाइकांना मारतोच की. आज एकही तोंडात येत नाही.

"मी बंद केलता, अक्का."

तो सगळं सांगतो. जोड, दिवा, रविवार. त्याचं सांगून होतं, तेव्हा ती इंजिन बंद करते. मग त्याच्याकडे न बघता बटणं दाबून चारी काचा खाली करते.