मांडीवर धरायचा माणूस

आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या घरी सुंता निघाली की आधी हजामाला सांगावा जायचा आणि मग मला. तो कापायचा, मी पोराला धरायचो. खरं म्हणजे हा मान मामाचा. पण मामालोक ऐन वेळी कच खायचे. कुणाला घेरी यायची, कुणी भाच्याआधी स्वतःच रडायला लागायचा. चौलला आमची नारळाची वाडी, झाडावर मीच चढायचो, त्यामुळे मनगटं तयार झालेली. तोंडही कायम चालू. म्हणून पोरगं माझ्या मांडीवर.

काय दिवस होते ते! सहा-सात वर्षांचा छोटा नवरदेव, गळ्यात मोगऱ्याचे हार, डोक्यावर जरीची टोपी, सकाळपासून नुसता मिरवतोय. आत बायका गाणी म्हणतायत, अंगणात पुलावाची डेग चढलीय. साहेबांना वाटायचं, हा सगळा थाट फुकटात! मग मी त्याला मांडीवर घ्यायचो, गुडघ्यांखालून हात घालून पाय उचलून धरायचो आणि ओरडायचो, "अरे वर बघ, सोन्याची चिमणी!" पोरगं वर बघायचं, तेवढ्यात काम झालेलं असायचं. मग ज्या शिव्या बसायच्या मला! पुढे कितीतरी दिवस मी दिसलो की पोरं घरात पळायची, आणि ईद आली की ईदीच्या पैशांसाठी तीच हात पुढे करून उभी. खूप मजा केली आम्ही, खोटं कशाला बोलू?

आता ते सगळं गेलं. आता बाळ दवाखान्यातून घरी येतं तेच सुंता उरकून. हार नाही, डेग नाही, आणि मला तर कुणी विचारतच नाही. माझी मुलगी अलिबागला सर्जन आहे. अशा कितीतरी सुंता तिनंच केलेल्या.

तिला मुलगा झाला, तेव्हा पेढे वाटायच्या आधी मी विचारलं, "याची कधी?"

"याची नाही करायची, अब्बा. निदान आता तरी नाही."

माझं डोकंच फिरलं. "लोकांच्या पोरांच्या करतेस आणि आपल्याच घरात नाही?"

"लोकांच्या का करते सांगू? मी नाही म्हटलं तर ते उठून कुठल्या तरी ब्लेडवाल्याकडे जातील. इथे निदान भूल मिळते, स्वच्छता असते. पण गरज आहे म्हणून करते असं नाही. आम्ही डॉक्टरच भांडतोय यावरून. कुणी म्हणतं फायदा आहे, कुणी म्हणतं पोराला कळायच्या आधी हात लावू नका."

"लस टोचताना विचारतेस का पोराला?"

"लशीनं काय टळतं ते मला ठाऊक असतं."

कोण ऐकून घेतंय! नातू आपल्यातला राहणार नाही, या भीतीनं माझी झोप उडाली होती. जावई कतारला. त्यानं फोनवर 'अब्बा म्हणतील तसं' म्हणून अंग काढून घेतलं. मी मुलीशी अबोला धरला. शेवटी तीच म्हणाली, "ठीक आहे. माझ्यासोबतचे डॉक्टर करतील. पण धरायचं तुम्ही."

"अगं, जन्म गेला माझा त्यात!"

दवाखान्यात टेबलावर बाळाला बांधायच्या पट्ट्या होत्या. मुलीनं त्या काढायला लावल्या आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. बाळ दूध पिऊन गाढ झोपलेलं. मी पाय उचलले. दोन्ही घोटे माझ्या एका मुठीत मावले. सवयीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि सुचेचना. ती सगळी पोरं मला ओळखायची. फसवलं म्हणून चिडायची, लाथा मारायची, मग विसरून जायची. याला मी कोण हेही ठाऊक नव्हतं. माझी मूठ सैल पडली.

"काका, घट्ट धरा," सुई भरता भरता डॉक्टर म्हणाले. "या वयात केलं की काही आठवत नाही त्यांना."

"मला आठवेल की!" मी म्हणालो आणि पाय सोडून दिले.

मग मुलीकडे वळून म्हणालो, "पळायला लागू दे त्याला. तेव्हा विचारू. नको असलं तर पळेल तरी."

"आणि तोवर तुम्ही..." मुलगी बोलता बोलता थांबली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बापाला आणखी काय विचारणार?

"तोवर मी नसलो तर तू आहेस. तो आहे."

तिनं बाळाला उचलून छातीशी धरलं आणि तिथंच स्टुलावर बसून हुंदके देत रडायला लागली. बाळंतपणातसुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"तुम्ही धरून ठेवलं असतंत ना, अब्बा," ती म्हणाली, "तर मी तुमच्याशी जन्मात बोलले नसते."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" मी तिच्यावर खेकसलो, आणि मलाही रडू आलं.