मोडाच्या ज्वारीचं पाणी

लिहिण्याचं धाडस करतोय, माफ करा; आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. सुट्टीत अकोल्याच्या गिरणीत कामाला होतो; तिथं विणलेल्या कापडाची खळ, म्हणजे विणण्याआधी सुताला लावलेली पेज, काढणाऱ्या काकांचं नाव मी विचारलंच नाही.

गिरणीचे साहेब खळ ॲसिडनं काढायला लावत, त्यानं सूत कमजोर होई. काका त्याऐवजी मोड आलेल्या ज्वारीचं पाणी चिंध्यांवर वापरून पाहत. गावोगावची ज्वारी आणून, जिचं पाणी खळ लवकर विरघळवी तिचंच बी राखत. पाण्यात कोपर बुडवून ऊब बघत.

"जास्त का तापवत नाही, काका?"

"मरते ना बापा पान्यातला जीव. ताप आल्यावर तुले जेवन जाते काय?"

एका हौदात हे पाणी वापरून पाहायची परवानगी मागणारा अर्ज मी लिहून दिला, नाव-सहीची जागा त्यांच्यासाठी सोडून. साहेबांनी तो बाजूला ठेवला. काका निवृत्त झाले.

काल मूर्तिजापूर स्टेशनवर गिरणीतला माणूस भेटला. काकांचं विचारलं, तर म्हणाला, "साहेब सोता त्यायच्या घरी गेल्ते. मले शिकवा म्हने."