बारा महिन्यांचा उपास

त्या वर्षी मी मॅट्रिकला होते, म्हणून मला दुष्काळी कामावर जावं लागलं नाही. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावातलं हातपाय धड असलेलं जवळजवळ प्रत्येक माणूस पाझर तलावावर माती वाहत होतं. भाऊ आणि वहिनीही जायची. मी घरी पुस्तक धरून बसायचे, वहिनीचं तान्हं पोर सांभाळायचे आणि अख्खी भाकरी खायचे. शिकणारीचं डोकं रिकाम्या पोटी चालत नाही, असं वहिनीचं म्हणणं होतं. मला ते पटायचं.

भाकरी मिलोची, तांबडी. रेशनवर मिळणारा हा परदेशी जोंधळा तिकडे गुरांना घालतात, असं लोक म्हणायचे आणि म्हणत म्हणत खायचे.

वहिनी उपासाची फार. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी होतेच. दुष्काळात शिंगणापूरच्या देवाचा शनिवारही आला. "वहिनी, तुम्हाला आठवड्याचे वार पुरायचे नाहीत," असं मी चिडवलं की ती हसायची. पोर अंगावर पीत असताना इतके उपास बरे नव्हेत, एवढं मला कळत होतं. तिचं दूध आटत चाललं होतं आणि पोर दिवसभर किरकिरायचं. मी तिच्या अडाणीपणाला बोल लावून पुन्हा पुस्तकात डोकं घालायचे.

एका संध्याकाळी ती चुलीपुढे होती आणि मी इतिहास मोठ्यानं वाचत होते. आयर्लंड नावाच्या देशातली गरीब माणसं नुसत्या बटाट्यांवर जगायची, असं त्यात आलं.

"बटाट्यावर?" तिचा हात थांबला. "म्हंजी बारा म्हैनं उपासच?"

मी पोट धरून हसले. त्या लोकांना एकादशी कुठली, ते त्यांचं रोजचं जेवण, असं तिला समजावलं. मग बटाट्यावर रोग पडला आणि पीक मातीतच सडलं, हेही सांगितलं.

"मंग उपास सोडला कशावर?"

"सोडलाच नाही. मेली माणसं."

"दुसरं काय पिकतच नव्हतं?"

"धान्य पिकत होतं. ते बोटीत भरून बाहेर जात होतं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "ज्यांची पोरं अंगावर व्हती, त्या बायांचं काय झालं?"

पुस्तकात तेवढं दिलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

परीक्षा जवळ आली तशी मलाही देवाची आठवण झाली. एका एकादशीला कामाला सुट्टी होती आणि भाऊ गुरांच्या छावणीत आमचे बैल बघायला गेला होता. आज मीही उपास धरणार, असं मी जाहीर केलं.

"तुमी नगा धरू, वन्सं," वहिनी म्हणाली. "तुमाला झेपायचा न्हाई."

मी हट्टाला पेटले. दुपारी कडकडून भूक लागली, तेव्हा भगर कधी शिजवताय म्हणून विचारलं. तिनं मला तांब्याभर पाणी आणून दिलं.

मी उठून डबे उघडले. भगर नव्हती, साबुदाणा नव्हता, शेंगदाणे नव्हते. उपासाला लागणारं घरात काहीच नसताना ही बाई निम्मा आठवडा उपास करत होती, आणि मी तिच्या वाटची भाकरी खाऊन तिलाच अडाणी ठरवत होते. मला स्वतःची शिसारी आली.

सकाळची माझी भाकरी टोपल्यात तशीच होती. मी ती तिच्यापुढे ठेवली.

"एकादस हाय," ती म्हणाली.

"पोराला कळत नाही एकादशी."

तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि खायला लागली. भराभर, कोरडीच. मध्येच थांबून म्हणाली, "ह्यास्नी सांगू नगा. त्यांच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई."

मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून माझ्या भाकरीचे दोन भाग होऊ लागले. पोर जगलं, मीही पास झाले.

भाऊ आता म्हातारा झालाय. पाहुणे आले, दुष्काळाचा विषय निघाला की तो हमखास सांगतो, "हिच्या उपासांवर आमचं घर तरलं," आणि देव्हाऱ्याकडे हात जोडतो. वहिनी तेव्हा माझ्याकडे बघत नाही. त्यात खोटं काहीच नसल्यामुळे मीही गप्प बसते.