पाणी आधी शेपटाले

मोहाडीच्या अलीकडच्या त्या गावात तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, वाटून देणाऱ्याला पाणकर म्हणतात. पीक साधलं की लोक देवापुढे नारळ फोडतात, पाणकर कुणाला आठवत नाही. पाणी कमी पडलं की पहिली शिवी मात्र त्यालाच. पाय मोडून तेजराम खाटेवर पडला, तेव्हा त्याचं फावडं बायकोनं, चंद्रभागाबाईनं, खांद्यावर घेतलं. बैठकीत लोक हसले. "एक हंगाम पाहू. नाही जमलं तं योगेंद्रले ठेवू."

नेमका त्याच वर्षी पोळ्यानंतर पाऊस गडप झाला. धान निसवायच्या, लोंब्या टाकायच्या बेतात आणि तलाव अर्धा. अशा वेळी पाणी शेवटच्या बांधीपासून द्यायचं, तलावालगतच्यांनी थांबायचं, ही जुनी रीत. पण पाळतो कोण? तेजरामनंसुद्धा मोठ्यांपुढे मान तुकवली होती. चंद्रभागाबाईनं मात्र पाणी आधी शेपटाकडे, टोकाच्या बांध्यांकडे सोडलं. वासुदेवरावांची जमीन ऐन तलावाच्या बांधाखाली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते, तर पाट फोडलेला आणि पाणी त्यांच्या बांधीत खळखळतंय.

तिनं पदर खोचला आणि ती त्या भगदाडातच मांडी घालून बसली.

"उठ वं वयनी!" वासुदेवराव ओरडले. "पाणी वाटणं म्हणजे भाजी वाढणं नाही."

"तसंच तं आहे, भाऊजी. भाजीच्या गंजाजवळ बसला त्यानंच ओरपलं, तं शेवटच्या पंगतीले काय वाढू?"

"माहा धान वाळून राहिला!"

"तुमच्या बांधीत अजून पाय रुतते. तिकडं टोकाला भैय्यालालच्या बांधीले भेगा पडल्या. तुमच्यापर्यंत पाणी नाही आलं, तं हे फावडं मीच सोडीन."

बघ्यांत योगेंद्र होता. त्याला फक्त गप्प राहायचं होतं; काम आपोआप त्याच्याकडे आलं असतं. तो पुढे आला, मातीचं ढेकूळ उचललं. "सरका काकू, बुजवतो."

मग वाटेतल्या बांध्यांचं एकेक तोंड बंद करत ती पाटाच्या कडेनं चालत राहिली, पाणी पुढे, ती मागे. ऊन कलताना पार टोकाकडून भैय्यालालची आरोळी आली, "आलं वंऽ माय, आलं!" बांधाबांधांवरून ती आरोळी पुढे सरकत तलावापर्यंत पोचली. वासुदेवरावांची पाळीही आली, आणि तेव्हाही तलावात पाणी होतं.

धान घरात आल्यावर बैठक भरली. पाणकर कोण, हे कुणी विचारलंच नाही. वासुदेवराव तेवढे कुरकुरले, "पुढच्या साली बी शेपटाकडूनच देशीन का?"

"हो, भाऊजी."

"मंग पाणी शेवटी, तं मी रोवणं बी शेवटीच करतो!"

बैठक खदखदून हसली. सगळ्यांत मोठ्यानं चंद्रभागाबाई.