पालथी गावकी

डोळ्याचा पडदा सुटला तेव्हा मी मेथी निवडत होते. जुडीवर एका बाजूने काळोख उतरायला लागला, म्हणून मी उठून दिवा लावला. काळोख हटेना. डावा डोळा मिटून पाहिला आणि कळलं, तो माझ्याच उजव्या डोळ्यात आहे.

माझा डावा डोळा जन्माचा आळशी. त्याला माणसं दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. आजवरचं सगळं वाचन मी एकट्या उजव्याच्या जिवावर केलं होतं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "पडदा बसवलाय. आता धरतोय का बघू." मला परत वाचता येईल का, एवढंच मला विचारायचं होतं. पण उत्तर नको ते आलं तर? म्हणून मी औषधाच्या वेळाच विचारल्या.

डोळ्यात वायूचा फुगा सोडला होता. तो पडदा दाबून धरणार, म्हणून मी दिवसरात्र पालथं पडायचं. घरी ही दहा मिनिटांत उठून गॅसपाशी जाईल, असं आमच्या ह्यांनी डॉक्टरांना सांगून टाकलं. खोटं नव्हतंच ते. मग आमच्या भाईंदरच्याच, ऑपरेशन झालं त्या छोट्या हॉस्पिटलात मला पाच दिवस ठेवून घेतलं.

शेजारच्या खाटेवर जवळच्याच मुर्धा गावची एक मावशी होती. बाजारात मासळी विकणारी, ऑपरेशन तेच, पालथी तीही. आम्ही एकमेकींचा चेहरा धड पाहिला नव्हता. आवाजावरूनच ओळख झाली, आणि त्या आवाजाला अख्खा मासळी बाजार पेलायची सवय होती.

पालथं पडल्यावर जग म्हणजे खालची फरशी. खिडकीतून ऊन आत आलं की माझ्या आळशी डोळ्याला तिचे पांढरे चौकोन मिठागरासारखे दिसायचे, आणि त्यांच्यावरून पाणी सरकतंय असं वाटायचं. औषधाची गुंगी असायची. झोप कुठे संपते आणि जाग कुठे लागते, ते कळेना. पाण्यावरून पावलं जायची. सिस्टरच्या पांढऱ्या चपला, वॉर्डबॉयची औषधाची गाडी, कुणाचे तरी अनवाणी पाय. मी त्यांना बघत तरंगत राहायचे.

चार वाजता हे यायचे. हे काशीमीऱ्याच्या एका कारखान्यात युनियनचे पुढारी होते. गेटसभेत हातात कागद न घेता तासभर बोलायचे. आमच्याकडे पेपर आला की पहिलं पान त्यांचं, पुरवणी माझी. लग्नापासून त्यात अदलाबदल झाली नव्हती. कादंबऱ्या म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं त्यांचं मत. राजकारण म्हणजे तोच उद्योग, फक्त लाउडस्पीकर लावून, असं माझं. आणि आता हाच माणूस माझी वाचनालयाची कादंबरी घेऊन स्टुलावर बसला होता.

वाचायचे मात्र मागण्यांचं निवेदन वाचावं तसे. "नदीचं वर्णन आहे, दीड पान. सोडतो."

"अहो, तेच तर वाचा."

"मुद्द्याचं वाचू दे ना."

गोष्ट एका पोस्टमास्तरची होती. बायकोला सोडून तो नदीपलीकडे दुसरीच्या घरी राहायला जातो. बायकोला खिडकीतून रोज तिथला दिवा दिसतो. ती कुणाला काही बोलत नाही. मी डोळे मिटले की ती नदी आमच्या खाडीला येऊन मिळायची आणि पलीकडचा दिवा फरशीवरच्या पाण्यात हलायचा.

"आन गावकी काय करते?" शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

"गावकी नाही यात, मावशी," हे म्हणाले.

"असा कसा गाव? आमच्याकडं भांडण झालं का गावकी बसते. दोघांचं आयकते, मंग निकाल. हिला कोन वाली न्हाय व्हय?"

महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. खिडकीखालून प्रचाराच्या रिक्षा ओरडत जायच्या. तिसऱ्या दिवशी एक उमेदवार पेशंटना केळी वाटायला आला. आम्हाला दिसले ते त्याचे बूट. तो बोलून गेल्यावर मावशी म्हणाली, "मानूस बगला न्हाय, पन बूट बगला. कदी चिखलात गेला न्हाय तो." हे इतके हसले की स्टूल करकरलं. तेवढ्यापुरती डोळ्याची भीती मी विसरले.

त्याच दिवशी मावशीने जाहीर केलं, "आज पोस्टमास्तरची गावकी बसवा. आमच्या गावात बायांना गावकीत बसवत न्हायत. इथं बसता येत न्हाय, तर पालथी भरवू."

ह्यांना काय, सभा म्हटली की अंगात येतं. लगेच अध्यक्ष झाले. पोस्टमास्तरची बाजूही त्यांनीच मांडली आणि फार वाईट मांडली. मग मावशीने निकाल सांगितला. त्याने नदी ओलांडून यायचं. बायकोच्या दारात नारळ ठेवून माफी मागायची. तिने घरात घ्यायचं का नाही, ते तिची ती ठरवील. खाटेवरून खाली लोंबणारे हात वर करून आम्ही दोघींनी मत दिलं. सिस्टर सलाईन बदलत होती. तिला मराठी अर्धवटच कळायचं, पण "माफी तो माँगनीच चाहिए," म्हणत तिनेही हात वर केला.

"ठराव मंजूर," हे गंभीरपणे म्हणाले.

त्यानंतरचे दोन दिवस ते फार सुंदर वाचत होते. घाई नाही, काही सोडणं नाही. पानं उलटल्याचा आवाजही क्वचित यायचा. मला वाटलं, माणूस वाचायला शिकला. नदीला उतार पडला, पोस्टमास्तर होडीत बसला, दारात नारळ ठेवून उभा राहिला. बायको म्हणाली, "ओट्यावर बसा. आत यायचं माझं अजून ठरलं नाही." मावशीने नाक ओढलं. मीही रडले. पालथं पडून रडलं की पाणी सरळ फरशीवर पडतं.

घरी आल्यावर महिनाभरात फुगा विरत गेला. टाकीतलं पाणी कमी व्हावं तशी त्याची काळी रेघ नजरेत सरकत होती. हे पुस्तक परत करायची फार घाई करत होते. "लोक वाट बघत असतात," म्हणायचे. त्या वाचनालयात वाट बघणारं कोण असतं, ते मला ठाऊक आहे.

एका दुपारी हे चहा करायला आत गेले आणि मी पुस्तक उघडलं. शेवटचं पान. अक्षरं आधी वाकडी, पाण्याखाली पडल्यासारखी दिसली. मी थांबले. मग एक शब्द जागेवर बसला, मग दुसरा, मग अख्खी ओळ. पोस्टमास्तर कधीच परत आला नव्हता. बायको उठते आणि नदीकडची खिडकी लावून घेते, इथे पुस्तक संपत होतं.

मी मागची पानं चाळली. होडी नाही. ओटा नाही.

"अहो," मी हाक मारली, "यात नारळ कुठे आहे?"

हे दारात आले. हातात गाळणं होतं आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"ठराव बहुमताने झाला होता," ते म्हणाले. "मी एकटा काय करणार?"

गाळण्यातून चहा फरशीवर टपटपत होता.

"तू वाचलंस?"

मी मान हलवली.

ते येऊन माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "मोठ्याने वाच."

मी वाचलं, अडखळत, नदीच्या वर्णनासकट. हे डोळे पुसत ऐकत होते. गोष्टीतली खिडकी लागली तशी त्यांनी पुस्तक हातातून काढून मिटलं.

"हे बरोबर नाही," ते म्हणाले. "मावशीला सांगू नकोस."