क्व्येताचं अख्खं वाक्य

क्व्येता हाव्रान्कोवा तावातावाने भांडायला लागायची आणि वाक्याच्या मध्यावरच तिचा दम संपायचा. डोंगरातल्या याखिमोव गावच्या चढावर उभा जन्म टपाल वाटलेल्या बाईवर ही पाळी यावी! उरलेलं वाक्य मग समोरचाच पुरं करून टाकायचा, तेही स्वतःच्या सोयीने.

गावातल्या डॉक्टरांचं तेच. दर खेपेला दंडाला पट्टा गुंडाळून म्हणायचे, "प्रेशर तरण्या पोरीसारखं आहे. वजन उतरवा, बियर कमी करा." दंडातलं प्रेशर ठीकच होतं. चढलं होतं ते फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत, आणि तिकडे पाहायची तसदी कोणी घेतली नाही. ओठ निळे पडून ती रस्त्यात कोसळली, तेव्हा कुठे तिची प्रागला रवानगी झाली.

प्रागच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र धड सांगितलं. गोळ्या पुरत नव्हत्या. एक नवा प्रयोग चालू होता: छाती न उघडता बाहेरून नेमके किरण सोडायचे आणि ती रक्तवाहिनी आवळायला लावणारे मज्जातंतू निकामी करायचे.

"गुण येईलच असं नाही," बाई म्हणाल्या.

क्व्येताने मान हलवून होकार दिला. त्याला दम लागत नाही.

घरी आली तर वरच्या आळीतली थोरली बहीण द्राहोमीरा दारात हजर. "तुझ्याकडून कळलं तशी मी प्रागला फोन करून तू येणार नाहीस म्हणून कळवलंय. छातीवर किरण? वेड लागलंय तुला!"

"आणि तू... दर आठवड्याला... खाणीतल्या त्या किरणोत्सारी पाण्यात..."

"डुंबते! ते आपलं पाणी आहे गं, गुडघ्यांना बरं. हे मशीन म्हणजे काय पाणी आहे का?"

क्व्येताच्या अंगाची लाहीलाही झाली. हिचं पाणी म्हणजे औषध, आणि माझ्या दुखण्यावर उपाय निघाला की वेड! तिने स्वतः प्रागला फोन लावला. तुटक तुटक बोलली. डॉक्टरीणबाईंनी तिचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये तोंड घातलं नाही. क्व्येताला रडूच फुटलं.

मशीनखाली हात डोक्यावर घेऊन निश्चल पडायचं, सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. आडवं पडलं की तिला गुदमरायचं. पण संतापाच्या भरात तिने तेही निभावलं. दुखलं काहीच नाही. बरंही वाटलं नाही, कितीतरी आठवडे. "सांगितलं नव्हतं?" द्राहोमीरा म्हणायचीच.

शरद सरत आला तेव्हा एका दुपारी क्व्येता भिंतींना टेकत टेकत वरच्या आळीत पोचली.

"अगं बाई, तू? चालत? बूट काढ, ये..."

"आधी ऐक. माझ्या जिवाचा फैसला तू मला न विचारता फोनवरून केलास, वर मलाच वेडी ठरवलंस, आणि हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, द्राहुश."

द्राहोमीरा सवयीने तोंड उघडून थांबली होती, राहिलेलं वाक्य पुरं करायला. राहिलंच नव्हतं काही.

क्व्येताला धाप लागली होती. ती खाली वाकली आणि बूट काढू लागली.